करणीचा गुणाकार

मे महिना. पाचपावलीच्या पुलाखालची गल्ली.
हेडाऊंचा पॉवरलूम भंगारात गेला, त्या खोलीत
पुरवणी परीक्षेची अकरा पोट्टी.
पारा सेहेचाळीस. निदान हा तरी पूर्णांक.
कूलरचा वाळा कालपासून कोरडाच.

मी फळ्यावर लिहिते: करणी.
दारात डबा घेऊन उभी खेमराजची माय
एकेक अक्षर जुळवते
आणि पदर तोंडाशी नेते.
"कोणावर केली वो बाई?"
वर्ग फुटतो हसून.
मीही हसते, मग तिला खाली बसवते,
माठातलं पाणी देते, सांगते,
ही लिंबू-टाचणीची नव्हे,
हिच्यातली संख्या मुळापाशी अडकलीय,
पूर्ण निघत नाही बाहेर.
"तेच त म्हणतो मी," ती म्हणते.

दोनाचं वर्गमूळ:
एक पूर्णांक चार एक चार दोन एक तीन
आणि पुढे असंच, कामठी रोडनं,
कन्हानचा पूल ओलांडला तरी संपत नाही.
आठाचंही तसलंच.
आता दोघांना एका छपराखाली आणा.
√२ × √८
आत सोळा.
बाहेर चार.

खेमराज तीनदा नापास,
दिवसभर लोकांच्या कूलरचे पंप बसवतो.
"दोघंही न संपणारे, मॅडम,
मंग चारवर काऊन थांबले?"
पंधरा वर्षं शिकवतेय,
हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, आठाच्या पोटात दोन तीनदा बसलाय.
दोघांची जोडी, तिसरा एकटा.
बाहेरचा दोन आला, त्याला सोबत मिळाली.
तो मान हलवतो.
पटल्याची नाही, ऐकल्याची.

बेरजेचं तसं नसतं.
√२ + √३ = √५ लिहिणारं एक तरी पोट्टं
दर साली निघतं,
मी दर साली लाल गोल करते.
बेरीज सजातीयांचीच.
विजातीय असतील तर मधे अधिकचं चिन्ह ठेवून
तसंच सोडून द्यायचं. तेच उत्तर.

माझी आई तांडापेठेतली, विणकराच्या घरची.
बाबा इंदोऱ्याचे, मोतीबागेत फिटर.
दोन्ही घरांनी त्यांना तसंच सोडलं,
मधे एक अधिक,
नोंदणी कचेरीच्या शिक्क्याएवढं.
साक्षीदार तीन, त्यातला एक कँटीनवाला,
सही करून चहाचे पैसे घेऊन गेला.

गुणाकार मात्र जात विचारत नाही,
कोटी तेवढी विचारतो.
(यावर वर्गात मी कोटी करत नाही,
पोट्ट्यांना कळत नाही
आणि मला हसू येत नाही.)
√२ × √३
एकच छप्पर, पत्र्याचं,
आत सहा.
सहाचं मूळ सुटत नाही, हेही सांगते.
काही सुटून बाहेर येत नाही,
उन्हाळ्यात पत्रा तापतो, एवढंच.
मी तिथली.

तेवढ्यात लाईन जाते.
कूलर दोन आचके देऊन गप्प.
खडूची धूळ घामाला चिकटते,
कुणीतरी महावितरणला शिवी हासडतं,
मी ऐकलं नाही असं करते.
खेमराज वही घेऊन दारात, उजेडाला,
मायच्या शेजारी.
"मॅडम, हे वरची रेघ कुठवर ओढू?"
"आत जेवढे घ्यायचे, तेवढी."
पट्टी नाही. हातानंच ओढतो,
वाकडी, समासातून बाहेर,
पान संपेस्तोवर.
आत अजून काही लिहिलेलं नाही.

माय डबा उघडते.
पोळ्या चार. पोट्टी अकरा.
ती फळ्याकडे बघते, मग माझ्याकडे.
"हे मले येते," म्हणते
आणि तोडायला लागते.